जिल्ह्याबाहेरचा हिवाळा

डहाणूला थंडी पडली की ती आधी नाकाला कळते. किनाऱ्याकडून वलांडीच्या बांबूंवर वाळत टांगलेल्या बोंबलांचा वास येतो, वाड्यांकडून पिकायला घातलेल्या चिकूंचा, आणि मसोलीत आमच्या घरापाशी ते दोन्ही एकमेकांत मिसळतात. बाहेरगावचा माणूस नाकाला रुमाल लावतो. मला मात्र त्या वासाने दरवर्षी एकच हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात माझी बायको शैला जिल्ह्याबाहेर राहत होती, आणि मी इथे राहून तिच्या भोवतीच्या एकेका माणसावर जळत होतो.

जळत होतो, हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. मत्सर म्हटलं की पुस्तकी वाटतं, हेवा म्हटलं की जरा गोड वाटतं. जळणं हेच बरोबर. जेवणानंतर आम्लपित्त होतं ना, तिथेच ते होतं, छातीच्या मधोमध.

आज सकाळीही झालं. शैला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात, तरी आठवड्यातून एकदा तलासरीला जायचं ते जायचंच. तिला न्यायला एक मुलगी रिक्षा घेऊन आली होती, कुणातरी विद्यार्थिनीची विद्यार्थिनी. पायऱ्या उतरताना शैलाला हात द्यायला मी पुढे झालो, तर ती मुलगी म्हणाली, "सर, राहू द्या, मी आहे ना." आणि तिने शैलाचा दंड धरला. मी पाण्याची बाटली हातात घेऊन उभा. रिक्षा वळली तेव्हा शैलाने मागे बघितलं नाही, कारण ती मुलगी काहीतरी सांगत होती आणि शैला ऐकत होती. शैला ऐकते तेव्हा मान थोडी डावीकडे कलते. ती कललेली मान मी आयुष्यभर बाजूने बघत आलो आहे. समोरून ती पाहायला मिळाली फक्त त्या एका हिवाळ्यात.

माझं डहाणू रोडला स्टेशनजवळ चष्म्याचं दुकान आहे. नंबर काढतो, काचा बसवतो, फ्रेमचा सैल झालेला स्क्रू फुकट आवळून देतो. शैला कॉलेजात समाजकार्य शिकवायची. लग्न ठरलं तेव्हा मला समाजकार्य म्हणजे रक्तदान शिबिर वाटलं होतं. नवीन नोकरीत ती विद्यार्थ्यांना घेऊन तलासरीच्या पाड्यांवर क्षेत्रकार्याला जायला लागली. तिथे एका बाईच्या नवऱ्याला पोलिसांनी चौकशीला म्हणून नेलं होतं, आणि कशासाठी नेलं, हे विचारायचं असतं, हेच त्या बाईला ठाऊक नव्हतं. शैलाने तिला बरोबर घेतलं, दोन विद्यार्थी घेतले, आणि ते चौघं चौकीच्या बाहेर दिवसभर उभे राहिले. संध्याकाळी नवरा सुटला. शैला घरी आली ती उन्हाने लाल झालेली, आणि मला म्हणाली, "विनू, आज मी पहिल्यांदा काहीतरी शिकवलं."

त्या दिवसापासून ती थांबली नाही. पाड्यावर बायांना गोळा करून ती एकच गोष्ट घोकून घेई: अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत कोर्टासमोर उभं करावं लागतं, आणि का धरलं ते सांगावं लागतं. रेशन अडलं, मजुरी बुडाली, जंगलातली कसलेली जमीन नावावर होईना, जातीचा दाखला मिळेना, कुठेही ती जाई. तिचे विद्यार्थी मार्कांसाठी येत आणि काही महिन्यांनी तिच्यासारखेच चालायला लागत, खांद्याला कापडी पिशवी आणि पुढे झुकलेली पाठ. मला ते लांबून ओळखू येत.

या सगळ्याचा मला अभिमान होता. विचारलं असतं तर मी तसंच सांगितलं असतं. पण बाजारात आम्ही दोघं निघालो की दुकानापासून स्टेशनपर्यंतचा एवढासा रस्ता संपता संपत नसे. मासळीवाली टोपली खाली ठेवून बोले, रिक्षावाला रिक्षा थांबवून बोले, "ताई, आमच्या पोराचं काय झालं मग?" शैलाला पोराचं नाव, त्याची इयत्ता, त्याच्या आजीचा दमा, सगळं पाठ. मी जवळ उभा. कुणी विचारलंच तर, "हे ताईंचे मिस्टर." लग्नाच्या एका वाढदिवसाला आम्ही बोर्डीच्या किनाऱ्यावर जायला निघालो होतो. दाराशी एक माणूस आला, शैलाने त्याचं ऐकलं, मान डावीकडे कलली, आणि मी समजलो. बोर्डीला मी एकटाच गेलो. सुरूच्या झाडांखाली बसून दोघांचं आइस्क्रीम खाल्लं.

तर तो हिवाळा. भात कापून झालं होतं, डोंगराकडे गवत कापायला माणसं जायला लागली होती. वेवजीचा रामजी नावाचा मजूर एका वाडीत कामाला होता. वाडीतली पाण्याची मोटर चोरीला गेली आणि संशयावरून त्याला उचललं. दोन दिवस झाले तरी त्याला कोर्टासमोर नेलं नाही. त्याची बायको शैलाकडे आली. तिचं नाव लाडकी. नावच लाडकी! तिशीची, बारीक, केसात झेंडूचं फूल, आणि बोलायला सुरुवात केली की समोरच्याला मध्ये तोंड घालायची सोय नाही.

शैला लाडकीबरोबर चौकीसमोर जाऊन बसली. मग पाड्यावरच्या बाया आल्या, मग कॉलेजची मुलं आली, मग रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी रामजीला कोर्टात नेलं आणि तिथून तो सुटला. मोटर पुढे दुसऱ्याच कुणाकडे सापडली. पण रस्ता अडवला म्हणून शैलावर केस झाली. जामीन मिळाला तो एका अटीवर, की कोर्टाचा पुढचा हुकूम होईपर्यंत तिने जिल्ह्याच्या हद्दीत पाऊल ठेवायचं नाही.

रामजी घरी आला आणि माझी बायको घराबाहेर गेली.

आमची मुलगी तेव्हा पुण्याला नोकरी करत होती. "आईला इकडे पाठवा," ती म्हणाली. मला ते पटलं. पुण्यात शैलाला कोण ओळखतं? मी दुकान चार दिवस बंद ठेवीन, आम्ही सारसबागेत जाऊ, नाटक बघू. मनातल्या मनात मी तिकिटंसुद्धा काढली. शैला कपडे घड्या करत होती.

"मी वेवजीच्या पलीकडे खोली बघितली आहे," ती म्हणाली.

"पलीकडे म्हणजे?"

"पलीकडे म्हणजे गुजरात. वेवजीतून रस्ता जातो, एक मोरी लागते, मोरी संपली की जिल्हा संपला, राज्यही संपलं. तिथे वस्ती आहे. जशुबेन म्हणून बाई आहेत, त्यांची मागची खोली रिकामी आहे."

"शैला, तुला लांब राहायला सांगितलंय. तू हद्दीवर जाऊन बसणार?"

"हद्दीबाहेर बसणार. अट मोडत नाही मी."

मग एक निळी साडी घडी करता करता ती थांबली आणि म्हणाली, "तू सोमवारी येशील ना? दुकान बंद असतं तुझं." मी लगेच हो म्हटलं. पुणे गेलं तर गेलं. तिकडे गुजरातच्या वस्तीत तिला बैठक नाही, मोर्चा नाही, कॉलेज नाही. कॉलेजने तर तिची रजा न मागता मंजूर केली होती. दर सोमवारी ती आणि मी, आणखी कुणी नाही. इतक्या वर्षांत मला हे मिळालं नव्हतं, आणि ते मला एका कोर्टाने द्यावं, याची मला जराशी गंमतही वाटली.

पहिल्या सोमवारी मी शेजारच्या कोळीणकाकूंकडून पापलेटं तळून घेतली, तांदळाच्या भाकऱ्या घेतल्या, तलासरीपर्यंत एसटीने गेलो, पुढे वेवजीपर्यंत सहा आसनी रिक्षेने, आणि तिथून चालत. शैलाने फोनवर बजावलं होतं, "रेल्वेने संजाणवरून येऊ नकोस, वेवजीतूनच ये." का ते मी विचारलं नाही. मोरी ओलांडली. मोरी म्हणजे रस्त्याखालून जाणारा ओढा आणि वर दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचे कठडे, एवढंच. पलीकडे डांबराचा रंग जरा बदलतो आणि पाट्या गुजरातीत होतात.

जशुबेनच्या अंगणात पोचलो तर तिथे बाज टाकलेली, बाजेवर शैला, आणि बाजेभोवती माणसं! कॉलेजची चार मुलं मांडीवर कागद घेऊन, वेवजीच्या पाचसहा बाया, एक म्हातारा काठी टेकून, आणि लाडकी. शैलाला ज्या रस्त्याने जाता येत नव्हतं त्याच रस्त्याने सगळे तिच्याकडे येत होते. क्षेत्रकार्याचा वर्ग तिथेच भरला होता. शैला एका मुलाला विचारत होती, "तू त्या आजींना सांगितलंस की विचारलंस? वाक्य कसं बोललास ते जसंच्या तसं बोल." तो अडखळत बोलत होता आणि बाया त्याला हसत होत्या.

मला बघून शैला म्हणाली, "आलास! काय आणलंस?" आणि डबा माझ्या हातातून घेऊन तिने तो सरळ उघडला. पापलेटचे तुकडे झाले. लाडकीने तर काटा चोखून सांगितलं, "काका, मीठ कमी हाय, पण चांगलं हाय." माझ्या वाट्याला भाकरी आणि शेपटी आली.

जशुबेनने माझ्याकडे बघून मान हलवली. "भाई, चा पीशो?" आणि चहा देताना हळूच, तिच्या मराठीत, "रोज असाच असते. सकाळपासून. माझे घर, पण मलाच बसायला जागा नाय." ती तक्रार होती, पण तिचा चेहरा उजळलेला होता. मला वाटलं, ही पण गेली, आणखी एक शैलाच्या बाजूची झाली.

संध्याकाळी सगळे उठून गेले. आम्ही दोघं मोरीपर्यंत चालत गेलो. उतरत्या उन्हात कापलेल्या भाताचे सड सोनेरी दिसत होते, कुठेतरी पेंढा जाळल्याचा वास होता. मोरीच्या अलीकडच्या कठड्याशी शैला थांबली आणि वेवजीकडे बघत राहिली. आता ती माझी आहे, मी मनात म्हटलं. आता बोलेल.

"येताना काय दिसलं?" तिने विचारलं.

"कुठे?"

"वेवजीत."

"काही नाही. घरं, झाडं, कोंबड्या."

ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, पण मी तिला इतकं रागावलेलं क्वचितच पाहिलं आहे. "तू तिथून चालत आलास विनू. सगळ्या पाड्यातून. आणि तुला काही दिसलं नाही? दुसऱ्यांचे डोळे तपासतोस ना तू?"

परतताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो. मला काय झोंबलं होतं, ते अगदी नीट कळत होतं. मी आलो होतो, हे तिला दिसलं नव्हतं. मी कुठून आलो, एवढंच दिसलं होतं.

पुढच्या सोमवारी मी ईर्ष्येने बघितलं. दुकानात अक्षरांचा तक्ता वाचून घेतो तशी एकेक ओळ बघत पाड्यातून चाललो. खळ्यावर भात झोडत होते. तिथे कोण होतं? कुडाची भिंत नवीन सारवलेलं ते घर कुणाचं? शाळेच्या व्हरांड्यात मुलं होती, मास्तर होते का? लाडकीच्या दारात पांढरं वासरू होतं, कपाळावर तपकिरी ठिपका. रामजी बाहेर बसून टोपली विणत होता आणि माझ्याकडे बघून उठून उभा राहिला, मग काही न सुचून पुन्हा बसला. चौकीतून सुटून आला तरी त्याचा उजवा हात अजून नीट वळत नव्हता, विणताना तो डाव्याने ओढून घेत होता.

संध्याकाळी मोरीशी मी हे सगळं सांगितलं. शैलाची मान डावीकडे कलली. समोरून! मी पहिल्यांदा तिच्या समोर उभा होतो आणि ती मला ऐकत होती. डोळे माझ्यावर रोखलेले, ओठ किंचित उघडे. "कोणत्या हाताने ओढत होता?" "भिंत कुठली, रस्त्याकडची की ओढ्याकडची?" "मास्तर नव्हते म्हणजे आलेच नव्हते की जेवायला गेले होते?" मी सांगत गेलो. सूर्य केव्हाच बुडाला होता. माझी शेवटची रिक्षा चुकेल म्हणून मीच शेवटी थांबलो.

ती कठड्यावर बसली आणि म्हणाली, "मला तुझा हेवा वाटतो."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. "माझा?"

"तू आता उठशील आणि त्या रस्त्याने चालत जाशील. लाडकीच्या दारावरून. ती म्हणेल काका पाणी घ्या. तुला त्याचं काही वाटणारसुद्धा नाही. मी इथे दिवसभर बसून असते आणि संध्याकाळी मला त्या चुलींचा धूर दिसतो. विनू, मला इतका राग येतो तुझा, तू पाठ फिरवून त्या बाजूला चालायला लागलास की."

ज्या माणसांवर मी आयुष्यभर जळलो, त्यांच्यात मला जाता येतं म्हणून माझी बायको माझ्यावर जळत होती. अंधारात रस्ता चालताना मला हसू फुटलं. लाडकी दारात उभी होती. "काका, पाणी घ्या," ती म्हणाली. मी थांबून, सावकाश, अख्खा तांब्या प्यायलो.

त्यानंतरचे सोमवार माझे होते. मी रविवारी रात्रीच ठरवून ठेवी की कुठल्या गल्लीतून जायचं, कुणाच्या अंगणात टेकायचं. एका म्हातारीला जवळचं दिसत नव्हतं म्हणून दुकानातून भिंगांची पेटी घेऊन गेलो, तर दोन आठवड्यांत रांग लागली. शैलाला सांगायला आणखी मिळालं. सांगताना मी मुद्दाम आडवळणं घेई. आधी वाल फुलले ते सांगे, मग कुणाच्या कोंबडीला मुंगसाने नेलं ते, आणि ज्याची ती खरी वाट बघत असे, कुणाचा दाखला आला का, कुणाला कामावरून काढलं का, ते शेवटी. ती ओळखून होती. "मुद्द्यावर ये," ती म्हणे, पण उठत नसे.

मग एके दिवशी लाडकीने जशुबेनच्या अंगणात सगळ्यांदेखत माझी तक्रार केली. "ताई, काका सगळंच सांगून टाकतं. आम्ही येतो तवा तुम्ही म्हणता, माहीत हाय मला. मग आम्ही काय सांगायचं?" तिचे डोळे खरोखर भरले होते. बाया हसल्या. मी हसलो नाही. तो जळका स्वर मी चांगला ओळखत होतो. मला तो कुणी शिकवायला नको. दुसऱ्या सोमवारी लाडकीच्या घरचं काही बघितलंच नाही असं मी शैलाला सांगितलं, आणि त्या वासराची सगळी हकिगत लाडकीला सांगू दिली.

पण हे जितकं हलकं वाटतं तितकं सगळंच नव्हतं. तिच्याशी बोलताना मला कधी कधी लख्ख दिसे की ती माझ्याकडे बघते आहे आणि माझ्यातून पलीकडे बघते आहे. मी काच होतो. काचा विकणाऱ्याला काच व्हायला लागावं आणि ते झोंबू नये, इतका मी मोठा नाही.

पौषात रामजीचा बाप वारला. काठी टेकून पहिल्या दिवशी अंगणात बसलेला म्हातारा तोच. शैला तरुण असताना त्यानेच तिला पाड्यात पहिल्यांदा घरात घेतलं होतं. इतर जण शहरातून आलेल्या बाईला दारातूनच वाटेला लावत होते, तेव्हा याने तिला उकडलेले कंद खायला दिले होते. शैलाने मला दुकानात फोन केला. सोमवार नव्हता. "तू जा," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी शटर ओढलं आणि गेलो. पाड्यात माणसं जमली होती. रामजीने मला पाहिलं, आणि म्हणाला, "काका आला. म्हंजे ताई आली." कुणीतरी बाजूला होऊन मला खांदा द्यायला जागा करून दिली. मी त्या म्हाताऱ्याला खांदा दिला. खरं सांगायचं तर त्या क्षणीही, खांद्यावर बांबू रुतत असताना, मला वाटून गेलं की इथे माझा खांदासुद्धा माझा नाही, तिचा आहे. मला लाज वाटली, पण वाटायचं ते वाटून गेलंच.

मसणवट ओढ्याच्या अंगाला होती. चिता पेटल्यावर मी सहज वर बघितलं. लांब मोरीच्या पलीकडच्या टोकाला शैला उभी होती. जशुबेन तिच्या मागे. निळी साडी. मोरी ओलांडून ओढ्याच्या काठाकाठाने चालत आली असती तर थोड्या वेळात पोचली असती, आणि अडवायला तिथे कुणीही नव्हतं. पोलीस नाही, शिपाई नाही, कुणी नाही. लोक माझ्याकडे बघायला लागले, मग तिच्याकडे. लाडकी धावत निघाली, रामजीने तिला थांबवलं. शैला हललीच नाही. तिने हात जोडले आणि धूर विरेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

नंतर मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती खोलीत भिंतीला टेकून बसली होती.

"कुणी बघत नव्हतं," मी म्हटलं. "आली असतीस."

"मी त्यांना काय शिकवते रे?" ती म्हणाली. "कायद्याने तुम्हाला धरलं तर कायद्याने वागवा, असं सांगा म्हणून. मग मी कुणी बघत नाही म्हणून ओढा ओलांडू?" आणि मग ती रडली. इतक्या वर्षांत मोर्च्यात धक्काबुक्की झाली, कॉलेजात तिला डावलून दुसऱ्याला विभागप्रमुख केलं, तेव्हा नाही रडली. "त्याने मला कंद दिले होते," असं म्हणत ती लहान मुलीसारखी रडली.

मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्यावर होती, अगदी माझ्या, खोलीत तिसरं कुणी नाही. ज्याची मी वर्षानुवर्षं वाट बघितली ते हेच, आणि ते आलं तेव्हा मी मनापासून इच्छा केली की तिला तिची माणसं परत मिळोत. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. मला वाटतं माझ्या जळण्याच्या मुळाशी हेच आहे. शैला तिच्या माणसांशिवाय मला मिळाली तर ती शैला राहत नाही, आणि त्यांच्यासकट मिळते तेव्हा पुरत नाही.

माणसं म्हणतात, वय झालं की हे सगळं निवतं. माझं निवलेलं नाही. आता पाड्यांवरचे प्रश्न बदलले. रस्ते येतात, मोठाले प्रकल्प येतात, जमिनीच्या मोजण्या होतात. शैला फोनवर तासन् तास बोलते आणि मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवतो. ती आतून ओरडते, "विनू, ऐकू येत नाहीये मला!" तिला कुठेकुठे सत्काराला बोलावतात, ती जात नाही, वेवजीला बारशाला बोलावलं की जाते. आठवड्यातून एकदा ती परत येते तेव्हा तिच्या पदराला धुराचा वास असतो. मी काही विचारत नाही. तीच सांगते, आडवळणं न घेता, आधी मुद्दा.

त्या हिवाळ्याचा शेवट मात्र सांगायला हवा. पळस फुलला होता, ताडीची मडकी झाडांवर चढली होती, होळी जवळ आली होती. वकिलांचा फोन आला की कोर्टाने अट उठवली. मी दुकानातून तसाच निघालो. पोचलो तर जशुबेन शैलाची भांडी पोत्यात भरत होती आणि एकेक भांडं पोत्यात आपटत होती. "जा, जा. तुमचे लोक बोलवते ना तुम्हाला. आमचे कोण?" शैलाने तिला मिठी मारली तेव्हा ती मऊ झाली, आणि मग तिने पोत्यात स्वतःच्या घरचा एक पितळी डबा घालून दिला.

आम्ही मोरीपाशी आलो. पलीकडे सगळी वेवजी जमली होती असं म्हणायला हरकत नाही. बाया, पोरं, रामजी, कॉलेजची मुलं, कुणीतरी आणलेला ढोल. लाडकी सगळ्यांच्या पुढे, केसात ताजं फूल. "ताई, या!" ती ओरडली. ढोल सुरू झाला.

शैला कठड्याशी थांबली. रोज संध्याकाळी जिथे थांबायची, बरोबर तिथेच. मी पोतं खांद्यावर घेऊन दोन पावलं पुढे गेलो होतो, मागे वळून बघितलं तर ती तशीच उभी.

"काय झालं?"

"पाऊल उचलत नाहीये," ती हळूच म्हणाली. "सवय झाली विनू. इथून परत फिरायची."

ढोल वाजत होता. लोकांना वाटलं ती त्यांना नमस्कार करायला थांबली आहे, त्यांनीही हात जोडले. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ते फक्त मलाच दिसत होतं. मी परत आलो. शैलाने माझा हात धरला. आम्ही कधी चारचौघांत हात धरला नव्हता, लग्नातसुद्धा भटजींनी सांगितलं तेवढाच. तिचा तळवा गार होता आणि बोटं माझ्या बोटांत घट्ट रुतली होती. लाडकी पुढे यायला निघाली, तर शैलाने दुसरा हात वर करून तिला थांबवलं.

"थांब गं," ती म्हणाली. "यांच्याबरोबर येते."

मोरी ती केवढी, आणि आम्ही ती किती हळू ओलांडली! खाली ओढ्यात पाणी नव्हतं, नुसते गोटे होते. पलीकडचं टोक आलं, शैलाने श्वास सोडला, बोटं सैल झाली, आणि बायांनी तिला वेढून टाकलं. फुलं, ओरडा, कुणीतरी रडतंय, लाडकी तिच्या गळ्यात. मी पोतं सावरत बाजूला उभा राहिलो. छातीत मधोमध ते नेहमीचं सुरू झालं होतं, आणि माझा हात अजून तिच्या हाताने गार होता.